बाथरूममधली डार्करूम
जुन्या कॅमेऱ्यात विसरलेला रोल सापडला तर काय कराल? काळेवाडीच्या एका वन बीएचकेमध्ये रंगलेला केमिस्ट्रीचा तास!

रविवार, दुपारचे तीन. बाथरूमच्या दाराच्या फटीला काळी चिकटपट्टी, बादलीत बर्फ, मोबाइल बाहेर. 'पाणी आता उद्या नाही येणार, जपून वापर रे!' आईचा आवाज. काळेवाडीत राहायचं म्हणजे दिवसाआडच्या पाण्याचा हिशोब आलाच. माझ्या हातात होता बाबांच्या आगफा क्लिक-थ्रीमध्ये अडकून पडलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल. बाबा आता नाहीत. रोल कधीचा, त्यात काय आहे, आईलाही आठवत नव्हतं. चान्स एकच. डिजिटलसारखं 'अन्डू' इथे नसतं, बॉस!

फंडा काय आहे?

फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. क्लिक केलं, की उजेड पडलेल्या कणात चांदीचे मोजके अणू तयार होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण फोटो तिथे असतो. डेव्हलपर त्या कणाला इलेक्ट्रॉन पुरवतो आणि अख्खा कण काळ्या चांदीत बदलतो.

गोम अशी, की डेव्हलपरला थांबता येत नाही. आधी तो उजेड पाहिलेले कण काळे करतो. जास्त वेळ ठेवलात, तर उरलेलेही. म्हणून सगळा खेळ वेळेचा आणि तापमानाचा. २० अंशांना ७ मिनिटं लागणारा रोल २४ अंशांना ५ मिनिटांतच तयार होतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात किती तापतं, हे सांगायला नको. बर्फ त्यासाठी. मात्र तो बाहेरच्या बादलीत, डेव्हलपरमध्ये नाही!

१९२७ मध्ये आलेला कोडॅकचा डी-७६ आजही चालतो. त्यात एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, सोडियम सल्फाइट १०० आणि बोरॅक्स २. मेटॉल सावलीतले बारकावे काढतं, हायड्रोक्विनोन कॉन्ट्रास्ट देतं. दोघं मिळून जे करतात, ते एकेकट्याला जमत नाही. सल्फाइट त्यांना हवेपासून वाचवतं आणि बोरॅक्स द्रावण अल्कधर्मी ठेवतं.

दादरचं होम प्रॉडक्शन

घरात फिल्म धुणं आपल्याकडे नवीन नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरात हेच चालायचं. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडणं, केमिकल्स मिसळणं, फिल्म डेव्हलप करणं, ही कामं सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि घर सांभाळून केली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. पहिल्या मराठी टेक्निशियन कोण, असं क्विझमध्ये विचारलं तर लक्षात ठेवा!

कॉफी चालेल?

चालते! १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफीत फिल्म डेव्हलप करून दाखवली. नाव पडलं कॅफेनॉल. काम करतं ते कॅफीन नव्हे, कॉफीतलं कॅफिक ॲसिड. रेसिपी: एक लिटर पाण्यात धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांना १५ मिनिटं. सोडा धुण्याचाच घ्या, खाण्याचा घेतलात तर रोल गेला. वासाला मात्र पर्याय नाही. आईनं दोन दिवस कॉफी प्यायली नाही.

मी या कॉफीत नव्या रोलवर दोनदा सराव केला. बाबांच्या रोलला मात्र डी-७६च, वर पोटॅशियम ब्रोमाइडची चिमूट. जुन्या फिल्मवर न पडलेल्या उजेडाचीही काळसर झाक चढते. ब्रोमाइड तिला थोडा लगाम घालतं.

वेळ संपली की डेव्हलपर ओतून पाण्यानं खळबळायचं. मग फिक्सर, म्हणजे आपला 'हायपो'. न वापरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड तो विरघळवतो, नाहीतर उजेडात फिल्म पुन्हा काळवंडेल. धुण्यासाठी नळ सोडून बसायची गरज नाही. टँक पाण्यानं भरा, ५ वेळा उलटीसुलटी करा, ओता. पुन्हा भरून १० वेळा, मग २०. तीन टँक पाण्यात काम फत्ते! (वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते.)

मग?

बारा फ्रेम्स. आठ नुसत्या धुरकट. चार दिसल्या. एकीत तरुणपणीची आई, डोळे बारीक करून हसणारी. तिच्या पायांशी जमिनीवर एक लांब पारदर्शक आकृती. स्कॅन करून उलटवल्यावर ती काळी झाली, कोपर वर काढून कॅमेरा धरलेली. त्या काळी फोटो काढताना सूर्य पाठीमागे ठेवायचा नियम होता, त्यामुळे काढणाऱ्याची सावली फोटोत यायची.

आई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'हे तुझे बाबा.'

आमच्या अल्बममध्ये बाबांचे फोटो फार नाहीत, कारण काढणारे तेच. तुमच्याही माळ्यावर एखादा कॅमेरा असेल. उघडण्याआधी थांबा, आत रोल असू शकतो!