माळकऱ्याच्या तव्यावर अंड्याचं काम कोण करतं?

रात्रीची मेथी उरलीय, डब्यात दोन शिळ्या भाकऱ्या आहेत. पंढरपुरात एका घरी त्यावर अंडं फोडून भुर्जी होईल. शेजारी तुळशीची माळ घातलेलं कुटुंब असेल, तर तिथं अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि डाळीचं पीठ कालवलं जाईल. दोन्ही घरची माणसं पोटभर जेवून उठतात. ही किमया रसायनशास्त्राची आहे.

आधी अंडं. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, बाकी बहुतेक पाणी. पांढऱ्यातली प्रथिनं साधारण ६२ अंश सेल्सिअसपासून उलगडू लागतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी होते. पिवळा बलक त्याहून थोड्या जास्त उष्णतेला आळतो. भाजीचे तुकडे आणि पाणी या जाळीत धरून ठेवले जातात. आच फार मोठी झाली की जाळी आवळते आणि पाणी बाहेर फेकते. ऑम्लेटच्या कडेला साचतं ते हेच. म्हणून कांदा, टोमॅटो, पालेभाजी आधी कोरडी होईपर्यंत परतावी, अंडं शेवटी घालावं.

दुसरं काम बलकातल्या स्निग्धांशाचं. गाजर, टोमॅटो, पालेभाज्यांतली कॅरोटिनं तेलात विरघळतात; नुसत्या कच्च्या कोशिंबिरीतून ती शरीराला फारशी मिळत नाहीत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ तरुणांना कच्च्या भाज्यांबरोबर शिजवलेली अंडी दिली. तीन अंड्यांच्या जेवणानंतर त्यांच्या शरीरात गेलेली कॅरोटिनं कित्येक पटींनी वाढली होती.

तिसरं काम आपल्या भागाला सर्वात जवळचं. पंढरपूरशेजारचं मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार आणि मालदांडीची भाकरी इथला रोजचा आधार. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल तोकडं असतं: १०० ग्रॅम प्रथिनामागे जेमतेम २ ग्रॅम, अंड्यात सुमारे ७. शिवाय शिजवल्यावर ज्वारीच्या प्रथिनाचे धागे परस्परांत घट्ट बांधले जातात आणि ते पचायला अवघड होतं. भाकरीच्या कुस्कऱ्यात अंडं पडलं की लायसीनची ही उणीव भरून निघते.

आता माळकऱ्याचा तवा. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि लायसीन भरपूर. त्यात मेथिओनीन कमी, ते ज्वारी पुरवते. पिठलं-भाकरीची जोडी जमली ती या देवाणघेवाणीवर. धिरडं किंवा झुणका आळतो तो मुख्यतः पिठातल्या पिष्टामुळे. गरम झाल्यावर ते पाणी पिऊन फुगतं आणि भाजीला धरून ठेवतं. कॅरोटिनांसाठी लागणारा स्निग्धांश फोडणीचं तेल देतं, आणि सोलापुरी शेंगा चटणी असेल तर विचारायलाच नको. एकादशीला डाळीचं पीठही बाजूला पडतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत प्रथिनांची बाजू शेंगदाण्याचं कूट सांभाळतं. कूट सढळ हातानं घाला.

डाळीच्या पिठाला एक काम मात्र जमत नाही. ब-१२ जीवनसत्त्व कोणत्याही डाळीत किंवा धान्यात नसतं. एका अंड्यात ते सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम असतं. वाटीभर दुधात किंवा दह्यात साधारण तेवढंच किंवा थोडं अधिक. त्यामुळे पिठल्यावर समाधान मानणाऱ्या घरात ताटात दही हवंच, आणि तेही घट्ट. पाणी घालून पातळ केलेल्या ताकात ते त्याच प्रमाणात विरळ होतं.

उरलेल्या भाताबद्दल सगळ्याच घरांना एक सूचना. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात भात रात्रभर बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करू शकतात, आणि फोडणी दिली किंवा अंडं घातलं तरी ते विष नष्ट होत नाही. भात निवताच फ्रिजमध्ये ठेवा. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी रात्रीपुरताच शिजवावा.