मोडलेले जत्रुक : पट्टी की सळई?

१८५० च्या जूनमध्ये इंग्लंडचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिलवर घोड्यावरून पडले, आणि जत्रुक, म्हणजे गळपट्टीचे हाड मोडून आतील रक्तवाहिन्यांना इजा पोहोचल्याने तीन दिवसांत त्यांचे देहावसान झाले. असा दारुण परिणाम क्वचितच होतो; एरवी हे हाड इतके सोशिक की हात झोळीत अडकवून स्वस्थ बसावे, बाकीची तजवीज निसर्ग करतो, अशीच वैद्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा होती.

१९६० मध्ये अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या, हाडाच्या मधल्या भागातील २,२३५ मोडींपैकी केवळ तीन सांधल्या नाहीत असे नमूद केले, आणि हा दाखला पुढे कित्येक वर्षे अंतिम मानला गेला; मात्र ज्यांची हाडे हमखास जुळतात ती मुलेही या हिशेबात होती, ही गोष्ट सोयीस्करपणे विस्मरणात गेली. २००७ च्या कॅनडातील चाचणीत हाडाची टोके पूर्णपणे सरकलेले प्रौढ रुग्णच घेतले, तेव्हा झोळीवाल्या ४९ जणांपैकी सात जणांचे, तर शस्त्रक्रियेने धातूची पट्टी बसवलेल्या ६२ पैकी दोघांचेच हाड जुळले नाही.

मग प्रश्न उरला तो साधनाचा. पट्टी हाडाच्या पृष्ठभागावर स्क्रूंनी आवळली जाते; मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताचा भार बाहेरचा खाली खेचतो, या ओढाताणीला ती निश्चल राहून तोंड देते. पण तिच्यासाठी चीर लांब घ्यावी लागते, त्वचेच्या बारीक मज्जातंतूंना धक्का लागून छातीचा वरचा भाग बधिर होऊ शकतो, आणि कृश माणसाच्या कातडीखाली धातू टोचत राहतो. टायटॅनियमची लवचीक सळई उरोस्थीकडील लहानशा छिद्रातून हाडाच्या पोकळीत, त्याच्या 'एस'सारख्या वळणातून सरकवतात. व्रण नगण्य, परंतु मोड अनेक तुकड्यांची असेल तर ते तुकडे सळईवर दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकांत घुसून हाड आखूड होण्याची भीती असते, शिवाय सळईचे टोकही कातडीला रुतते.

वर्षअखेरीस खांद्याची शक्ती दोन्ही पक्षांत जवळजवळ सारखीच आढळते; म्हणून सरळ दुभंगलेल्या हाडाला सळई आणि चुरा झालेल्याला पट्टी, हाच निवाडा मला ग्राह्य वाटतो. सळई मात्र हाड जुळल्यावर बहुधा काढावीच लागते, तेव्हा त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितलेला बरा.