वाड्याच्या विटांना चुनाच हवा

शनिवारवाड्याच्या तटात खाली दगड आहे, तर वर वीट. पुण्यातल्या अनेक जुन्या वाड्यांच्या भिंतीही विटा आणि चुन्याच्या आहेत. त्यांची डागडुजी करताना एवढे जपा :

● सिमेंट का नको? जुनी वीट मऊ असते आणि ओल शोषते. ही ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग क्षार विटेतच साठतात, लोणा धरतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

● आधी कारण शोधा. फुटलेली पन्हळ, गळके कौल, भिंतीत रुजलेला पिंपळ यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय दरजांना हात लावू नका.

● दरज कशी भरावी? सुटा झालेला चुना छिन्नीने हलक्या हाताने काढा; ग्राइंडरने विटांच्या कडा तुटतात. खोली दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट हवी. धूळ झाडून भिंत ओली करा. 1 भाग चुना आणि 3 भाग चाळलेली वाळू हे नेहमीचे प्रमाण. माल दाबून भरा.

● घाई नको. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. काही दिवस ओले गोणपाट लावून उन्हापासून जपा. भर पावसाळ्यात हे काम काढू नका.

● तडा रुंदावत असेल, तर तो नुसता बुजवू नका; आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागला तरी चालेल, पण जुन्या विटेवर सिमेंट थापू देऊ नका.