अंगठा, पिन आणि म्हसवडची बँक

आज सामाजिक उद्योजकतेबद्दल बोलायचंय. शब्द जरा जड आहे, त्यामुळे व्याख्या बाजूला ठेवू आणि थेट साताऱ्याच्या माण तालुक्यात जाऊ. दुष्काळी भाग. तिथल्या म्हसवडमध्ये रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, बस. कर्ज नको, फक्त खातं हवं. रक्कम फारच छोटी म्हणून बँका ते उघडून देईनात.

चेतना सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पाच महिन्यांनी परत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला लावा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आता हिशोब बघा. समजा, एखादीची रोजची मजुरी ३०० रुपये आणि तिला भरायचेत ५०. बँक लांब, तीही कामाच्या वेळेतच उघडी. म्हणजे ५० भरायला ३०० बुडाले, वर एसटीचं तिकीट. ती बचत करत नाही यात अडाणीपणा कसला? तिचं गणित बरोबरच आहे. म्हणून माणदेशीने बँकच बायकांच्या दारात नेली. त्या फेऱ्यांचा खर्च देणगीतून नाही, बँकेच्या व्यवहारातूनच निघायला हवा. माझ्या मते धर्मादाय काम आणि सामाजिक उद्योग यांत फरक आहे तो हा.

पुढे कार्ड द्यायची वेळ आली. मी सॉफ्टवेअरवाला, मला विचारलं असतं तर चार आकडी पिन देऊन मोकळा झालो असतो. बायकांनी पिन नाकारला. पिन कुणीही चोरेल, अंगठा कसा चोरणार, असं त्यांचं म्हणणं. घरात नवऱ्याला पिन कळायला कितीसा वेळ लागतो? हा मुद्दा आमच्या कुठल्याही मीटिंगमध्ये आला नसता, खरं सांगतो.

पण छोटी कर्जं म्हणजे आपोआप भलं, असंही नाही. आंध्रात कंपन्यांनी वाढीच्या घाईत एकाच घरात तीन-तीन कर्जं दिली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. तिथेही कर्जदार बहुतेक बायकाच होत्या.

आणि बँक कितीही चांगली असली तरी काही गोष्टी तिच्या आवाक्याबाहेरच्या. चेतनाताईंनी टेड टॉकमध्ये सांगितलंय : दुष्काळात एक बाई जनावरांच्या चाऱ्यासाठी सोनं गहाण ठेवायला आली. जाता जाता विचारलं, सोनं ठेवून पाणी मिळेल का? ताईंकडे उत्तर नव्हतं. त्यातून चारा छावणी उभी राहिली, पण ती बँकेच्या व्याजावर चालणारी गोष्ट नव्हती. तिच्याबद्दल पुढच्या भागात.