खटले नुसते मोजून भागेल काय?

संसदेत प्रलंबित खटल्यांचा विषय निघाला की विधी मंत्रालय एक आकडा सभागृहापुढे ठेवते, विरोधक टीकेची झोड उठवतात आणि चर्चा रिक्त पदांवर येऊन थांबते. त्या आकड्यात नेमके काय मोजले आहे, हे क्वचितच विचारले जाते. चेन्नईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

मद्रास उच्च न्यायालय मुंबई व कलकत्त्याबरोबरच १८६२ मध्ये स्थापन झाले. तामिळनाडू आणि पुदुच्चेरी हे त्याचे अधिकारक्षेत्र असून न्यायाधीशांची मंजूर पदे ७५ आहेत. दक्षिणेकडील जिल्ह्यांसाठी मदुराई खंडपीठ २००४ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरच्या सर्किट बेंचला मात्र २०२५ उजाडावे लागले. मुंबईप्रमाणेच मद्रासलाही मूळ दिवाणी अधिकार असल्याने शहरातील मोठ्या रकमेचे दावे थेट उच्च न्यायालयात दाखल होतात. अपिले आणि रिट याचिका आहेतच. जिल्हा न्यायालयांवर घटनेच्या २३५व्या कलमान्वये नियंत्रण उच्च न्यायालयाचे. परंतु नव्या पदांसाठी लागणारा पैसा राज्य सरकारच्या तिजोरीतला. साहजिकच कामाचा बोजा सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायालयावर येते.

अडचण मोजमापाची आहे. एखाद्या सुनावणीत निकाली निघणारा जामीन अर्ज आणि वर्षानुवर्षे चालणारा वाटणीचा दावा, दोन्ही यादीत एकेकच. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीशांची शिफारस केली होती. त्याच आयोगाने २०१४ च्या २४५व्या अहवालात लोकसंख्येचा निकष बाजूला ठेवून निकालांच्या गतीवरून पदे ठरवावीत, असे सुचविले. ‘प्रलंबित’ आणि ‘थकीत’ यांत फरक करतानाच, निरनिराळी उच्च न्यायालये निरनिराळ्या पद्धतीने मोजणी करतात, याकडेही त्याने लक्ष वेधले. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इम्तियाज अहमद खटल्यात अंतरिम उपाय म्हणून ‘युनिट’ पद्धत स्वीकारली. तीत खटल्याच्या प्रकारानुसार त्याला भार दिला जातो.

राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडमुळे २०१५ पासून खटल्यांचे वयही कोणालाही पाहता येते. तेव्हा सदस्यांनी एकूण संख्येऐवजी दहा वर्षांपूर्वीचे दावे किती आणि ते कोणत्या टप्प्यावर अडले, हे विचारावयास हवे. मदुराईच्या शेतकऱ्याला काय किंवा कोल्हापूरच्या, राज्यात एकूण किती खटले तुंबले याच्याशी कर्तव्य नसते. आपली तारीख केव्हा संपणार, एवढेच त्याला हवे असते.