अँगल ग्राइंडरचा सुरक्षित वापर : चकतीचा वेग, गार्ड आणि कार्यशाळेतील प्रचलित सवयी

प्रस्तावना :

लोखंडी जाळ्या, खिडक्यांच्या चौकटी, पत्र्याची छपरे किंवा फरशी यांची कामे करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दुकानात हाती धरून चालवावयाचा ग्राइंडर आढळतो. कारागिरांच्या बोलीत तो 'एजी-फोर', 'एजी-सेव्हन' अथवा नुसता 'कटर' असतो. जर्मनीतील आकरमान आणि श्मिट या कंपनीने १९५४ साली वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला. पुढे तिच्या 'फ्लेक्स' या नावावरून ग्राइंडरने कापणे या अर्थाचे क्रियापदच जर्मन भाषेत रूढ झाले. लहान आकार, अल्प किंमत आणि अनेक कामांतील उपयोग यांमुळे हे यंत्र सर्वत्र पोहोचले. प्रशिक्षण मात्र त्याच्या मागोमाग पोहोचले नाही. महाविद्यालयीन आवारातही कार्यशाळा, दुरुस्ती व बांधकाम यांच्या निमित्ताने ते वरचेवर वापरले जाते. सुरक्षेच्या सूचना फलकावर लिहिलेल्या असतात, परंतु त्यांमागील कारण क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात गार्ड काढून टाकण्याच्या सवयीच्या संदर्भात हे कारण स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

चकतीचा वेग आणि गार्ड :

चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे यंत्र मिनिटाला साधारणतः ११,००० फेरे घेते. या गतीने चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजेच ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक होतो. राळेने बांधलेल्या व जाळीने बळकट केलेल्या चकत्या सामान्यतः सेकंदाला ८० मीटर वेगापर्यंत सुरक्षित मानल्या जातात. फेऱ्यांची कमाल मर्यादा चकतीवर छापलेली असते. चकतीचा व्यास जितका अधिक, तितकी ही मर्यादा कमी असते.

सात इंची चकती लहान यंत्रावर चढविण्याचा मोह घातक का ठरतो, ते यावरून लक्षात येते. ११,००० फेऱ्यांना १८० मिलिमीटरच्या चकतीची कड सेकंदाला सुमारे १०४ मीटर वेगाने फिरते. अपकेंद्री ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने चकतीवर मर्यादेच्या सुमारे पावणेदोन पट ताण येतो. शिवाय ही चकती लहान यंत्राच्या गार्डमध्ये मावत नाही. म्हणून प्रथम गार्ड काढला जातो आणि मग चकती बसविली जाते. चकती फुटण्याची शक्यता वाढविणे आणि फुटलेले तुकडे अडविणारे साधन दूर करणे या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच कृतीत घडतात. चार इंची यंत्रावर पाच इंची चकती चढविल्यास वेगाची मर्यादा ओलांडली जातेच असे नाही. पण गार्ड तेथेही निघतोच.

याहून धोकादायक प्रथा म्हणजे लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरवर बसविणे. घासून कापणारी चकती धातू कणाकणाने झिजविते, तर दाते लाकडात रुततात. गोल करवतीला जो आधारपट्ट व खोलीचे नियंत्रण असते, ते ग्राइंडरला नसते. दाता गाठीत अडकताच सारी गती यंत्राच्या उसळीत रूपांतरित होते.

उसळीचे यंत्रशास्त्र :

उसळी केवळ निष्काळजीपणाने येते, हा समज अपुरा आहे. पुष्कळदा ती तुकड्याला आधार कोठे दिला यावर अवलंबून असते. दोन्ही टोकांवर टेकलेला पाइप मधोमध वरून कापू लागल्यास तो मध्यभागी वाकतो. वाकलेल्या तुळईचा वरचा भाग दाबला जातो, त्यामुळे काप मिटत जाऊन चकती चिमटीत सापडते. याउलट कापाच्या जवळ आधार देऊन कापावयाचे टोक मोकळे सोडल्यास ते खाली झुकते आणि काप उघडत जातो. तुळईच्या वाकण्याचा हा नियम पदवीच्या विद्यार्थ्यालाही परिचित असतो; कार्यशाळेत मात्र त्याची आठवण कोणी करून देत नाही. चकतीच्या फिरण्याच्या रेषेत उभे न राहणे आणि बाजूची मूठ लावून यंत्र दोन्ही हातांनी धरणे, या सूचनाही उसळीशीच निगडित आहेत. पाइप पायाखाली दाबून एका हाताने यंत्र चालविण्याची पद्धत सर्रास दिसते. यंत्र उसळल्यास ते एका हाताने आवरत नाही, आणि पाय तर चकतीजवळच असतो.

पातळ कापणीच्या चकतीने बाजूने घासू नये, कारण ती कडेवरील दाबासाठी बनविलेली असते. आडव्या दाबाने ती चिरते. राळ ओलाव्याने दुर्बळ होते. म्हणून पावसाळ्यात चकत्या जमिनीवर किंवा ओलसर भिंतीलगत ठेवणे अयोग्य होय. अनेक चकत्यांच्या मध्यभागी असलेल्या धातूच्या कड्यावर वापराची अंतिम मुदत कोरलेली असते, पण ती वाचण्याची सवय फारशी आढळत नाही.

भारनियमन अनुभवलेल्या महाराष्ट्रात आणखी एका धोक्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. बटण 'चालू' स्थितीत अडकलेले असताना वीज गेली आणि यंत्र तसेच जमिनीवर ठेवले, तर वीज परतताच ते आपोआप फिरू लागते. काही नव्या यंत्रांत यावर प्रतिबंधक योजना असते. इतरत्र वीज जाताच बटण बंद करून वायर काढणे हाच उपाय उरतो.

डोळे आणि धूळ :

ठिणगी म्हणजे तप्त लोहकण. तो बुबुळावर रुतल्यास काही तासांतच भोवती गंजाचे वलय तयार होऊ लागते. सहकाऱ्याने काडीने किंवा रुमालाच्या टोकाने कण काढला, तरी वलय मागे राहते आणि बुबुळावर ओरखडा उठून जंतुसंसर्गाची भीती वाढते. हे काम नेत्रतज्ज्ञाचेच आहे. बाजूने बंद असलेला गॉगल मदतनिसालाही हवा. कारण ठिणग्या बहुधा त्याच्याच दिशेने जातात. फरशी, दगड व काँक्रीट कापताना उडणारी सूक्ष्म सिलिका धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवीत नाही. पाण्याची धार सोडून धूळ जागीच दाबणे अधिक परिणामकारक असते, अर्थात त्यासाठी पाण्यासह वापरण्यायोग्य बनविलेलेच यंत्र हवे.

कायद्याची कक्षा :

१९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्रांना आवरण (कलम २१) आणि डोळ्यांचे संरक्षण (कलम ३५) यांची तरतूद होती. परंतु विजेचा वापर होणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असले, तरच ते ठिकाण 'कारखाना' ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कारखान्यासाठी ही संख्या वीस करण्यात आली आहे. तीन-चार माणसांचे फॅब्रिकेशनचे दुकान या व्याख्येत पूर्वीही बसत नव्हते आणि आताही बसत नाही. तेथे गार्ड तपासण्यास निरीक्षक येत नाही. काम देणारी संस्था मात्र तपासू शकते. महाविद्यालयांच्या कार्यादेशात दर, मुदत आणि मालाची प्रत यांची कलमे असतात. त्यांच्या जोडीला गार्डसह यंत्र, मूळ मापाची चकती आणि मदतनिसासह सर्वांना गॉगल, एवढी एक ओळ घालण्यास फारसा खर्च येत नाही.