आपल्याकडे समुद्री राक्षस होते का? हैदराबादचा सांगाडा आणि प्राणहितेचे दगड काय सांगतात

हैदराबादला गेलेली मराठी कुटुंबं चारमिनार, गोवळकोंडा करून बिर्ला मंदिराकडे वळतात. मंदिराजवळच्या बिर्ला सायन्स सेंटरमध्ये एका डायनोसॉरचा भलामोठा सांगाडा उभा आहे. तो पाहून पोरं हमखास विचारतात, जमिनीवर एवढा प्राणी, तर समुद्रात केवढे असतील? आणि आपल्याकडे होते का?

आधी या सांगाड्याची ओळख. हा कोटासॉरस, लांबी सुमारे 9 मीटर. खाणं झाडपाला. त्याची हाडं पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना सापडली. किमान 12 प्राण्यांची मिळून 840 हाडं निघाली आणि त्यातून हा सांगाडा उभा राहिला. नाव मात्र मिळालं ते गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळच्या कोटा गावाच्या नावाच्या खडकांवरून. म्हणजे हैदराबादच्या या पाहुण्याचं अर्धं नातं आपल्याच सीमेशी आहे.

समुद्रात केवढे होते?

डायनोसॉर जमिनीवर होते, त्या काळात समुद्रात इक्थिओसॉर नावाचे शिकारी फिरत. दिसायला डॉल्फिनसारखे, पण जात सरपटणाऱ्या प्राण्यांची. हवा घ्यायला वर यायचे आणि पिल्लांना पाण्यातच जन्म द्यायचे.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडलेल्या अशाच एका प्राण्याची माहिती 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. काळ सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचा, अंदाजे लांबी 25 मीटर. एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी गाड्यांएवढा! पण हातात आलंय काय, तर जबड्याची हाडं. त्यातलं एकच हाड 2 मीटरहून लांब होतं. ज्यांचे सांगाडे नीट मिळालेत अशा नातलगांशी तुलना करून बाकीचा हिशेब मांडलाय. म्हणून 25 मीटर हा अंदाज आहे, टेप लावून घेतलेलं माप नव्हे.

मग तेलंगणात, गडचिरोलीत का नाही?

उत्तर खडकात आहे. खुद्द हैदराबादेत जागोजागी दिसणारे गोल धोंडे ग्रॅनाइटचे आहेत, सुमारे 250 कोटी वर्षं जुने. जमिनीखालचा तप्त रस थिजून ते बनले. त्यात हाडं सापडायची नाहीतच.

प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात गोष्ट वेगळी. इथे गाळाचे खडक आहेत, पण हा गाळ नद्यांचा आणि तळ्यांचा, खोल समुद्राचा नव्हे. तेव्हा भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका एकाच खंडात जोडलेले होते. त्या खंडाला गोंडवन हे नाव मिळालं तेही आपल्याच गोंड मुलखावरून.

पण शिकारी इथेही होते, गोड्या पाण्यातले. आसिफाबाद भागातल्या मालेरीच्या लाल मातीत सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीचा पॅरासुकस सापडला. लांब तोंडाचा, मगरीसारखा, पण मगर नव्हे. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ होत्या. याचे दोन सांगाडे मिळाले, तेव्हा पोटाच्या जागी दुसऱ्या लहान सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं होती. अभ्यासकांच्या मते ते त्याचं शेवटचं जेवण! या जातीला नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांचं नाव दिलंय. तेच, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले होते.

भारतात समुद्री शिकारी कुठे?

ते बघायचे तर कच्छला जावं लागतं. तिथे लोडाई गावाजवळ इक्थिओसॉरचा जवळपास पूर्ण सांगाडा मिळाला. त्याची माहिती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. काळ सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, लांबी अंदाजे साडेपाच मीटर. झिजलेल्या दातांवरून तो कडक कवचाचे प्राणी खात असावा असं दिसतं. त्याच थरांत समुद्री शंखांसारखे अ‍ॅमोनाइटही आहेत. तिथे समुद्र होता, हे नुसत्या हाडावरून नाही, आजूबाजूच्या दगडावरून ठरतं.

म्हणून दगड उचलू नका

सीमाभागातल्या लोकांसाठी खरा मुद्दा हाच. सिरोंचा तालुक्यात, पलीकडे आसिफाबाद, मंचेरियालकडे नाल्यात, शेतात असे दगड आजही उघडे पडतात. वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडंच आहेत. कुणी हौसेने एखादा तुकडा घरी आणतो, शोकेसमध्ये ठेवतो. पण जागेवरून हलवलेलं हाड म्हणजे पानातून फाडलेला शब्द. तो कोणत्या थरातला, शेजारी मासे होते की झाडं, पाणी गोडं की खारं, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

असं काही दिसलं तर हात न लावता फोटो काढा. शेजारी पेन किंवा नाणं ठेवलं की आकार कळतो. जागा नीट लिहून ठेवा आणि वन विभागाला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. ‘समुद्री राक्षस सापडला’ असा मेसेज मोबाईलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: कोणत्या खडकात?